२४ सिग्मा आणि शेजारचा तारा: जमिनीवरच्या अवरक्त कॅमेऱ्याचा एक पेपर वाचताना

२०१५ साली अ‍ॅस्ट्रोफिजिकल जर्नलमध्ये ब्राइस क्रॉल आणि सहकाऱ्यांचा एक लांबलचक पेपर आला. विषय दोन. एक म्हणजे काही तप्त गुरूंच्या उष्णतेचं जवळच्या अवरक्तात केलेलं मापन, आणि दुसरा म्हणजे जमिनीवरून असं मापन करताना कोणत्या त्रुटी शिरतात आणि त्यांना आवर कसा घालायचा. पहिल्या भागातले आकडे आता जुने झालेत. दुसरा भाग मात्र रिसर्चला येऊ घातलेल्या कुणीही वाचावा असा आहे, अगदी खगोलशास्त्र करायचं नसेल तरी. मला हा पेपर आवडतो. त्याच्या एका मध्यवर्ती युक्तिवादावर मात्र माझा आक्षेप आहे, आणि आज मुख्यतः त्याबद्दलच लिहायचं आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. तप्त गुरू म्हणजे गुरूएवढा वायुग्रह, पण आपल्या ताऱ्याला इतका चिकटून फिरणारा की त्याचं वर्ष काही दिवसांत संपतं. वास्प-१२ बी या ग्रहाचं वर्ष तर जेमतेम २६ तासांचं. असा ग्रह ताऱ्यासमोरून गेला की अधिक्रमण होतं, आणि ताऱ्यामागे गेला की पिधान. पिधानाच्या वेळी ग्रहाचा उजेड अडतो आणि फक्त ताऱ्याचा उरतो. म्हणून एकूण उजेडात जी घट दिसते ती ग्रहाच्या उजेडाएवढी. ग्रह वेगळा दिसत नाही, तारा आणि ग्रह मिळून एकच ठिपका असतो. तरीही एका वजाबाकीतून ग्रहाच्या दिवसाच्या बाजूचं तापमान हाती लागतं. कल्पना फार सुंदर आहे, यात वादच नाही.

पण हे जमिनीवरून का करायचं? १५०० ते ३००० केल्विन तापमानाचा ग्रह सर्वाधिक ऊर्जा साधारण १ ते २ मायक्रॉनच्या आसपास फेकतो (वीनचा नियम लावून बघा, एका ओळीचं गणित आहे). त्या काळात स्पिट्झर दुर्बीण अवकाशात होती, पण तिचा सगळ्यात छोट्या तरंगलांबीचा कॅमेरा ३.६ मायक्रॉनला सुरू व्हायचा. हबलचा अवरक्त कॅमेरा १.७ मायक्रॉनला संपतो. मधली २.१५ मायक्रॉनच्या आसपासची खिडकी, जिला के-शॉर्ट पट्टा म्हणतात, जेम्स वेब उडेपर्यंत खऱ्या अर्थाने जमिनीवरच्या दुर्बिणींचीच होती. शिवाय हा पट्टा पाण्याच्या वाफेच्या शोषणपट्ट्यांच्या मधे पडतो, त्यामुळे ग्रहाच्या वातावरणात जास्त खोलवर डोकावता येतं.

आता अडचण. मोजायची घट आहे ०.१ ते ०.३ टक्के. दहा टनांचा भरलेला ट्रक वजनकाट्यावर उभा आहे, आणि केबिनमध्ये ठेवलेलं तांदळाचं पोतं १३ किलोचं आहे की २४ किलोचं, हे ट्रकचं वजन दोनदा करून सांगायचं आहे, अशी कल्पना करा. त्यात काटा उघड्या मैदानात, वारा सुटलेला. आपलं वातावरण अवरक्तात स्वतःच चमकतं, वाफेचं प्रमाण तासाभरात बदलतं, तारा आकाशात वर-खाली सरकतो तशी हवेची जाडी बदलते. यावर उपाय एकच: त्याच चौकटीतले इतर तारे सोबत मोजायचे आणि आपला तारा त्यांच्या तुलनेत किती हलला ते बघायचं. हे संदर्भ तारे जितके जास्त आणि जितके आपल्या ताऱ्यासारखे, तितकं बरं.

ट्रकचं उदाहरण मी उगाच नाही घेतलं. १३ आणि २४ हे खरे आकडे आहेत. २००९ साली एर्न्स्ट डे मोय आणि इग्नास स्नेलेन यांनी ट्रेस-३ बी या ग्रहाचं के पट्ट्यातलं पिधान जाहीर केलं. घट ०.२४१ टक्के, अधिक-उणे ०.०४३. जमिनीवरून एखाद्या ग्रहाची उष्णता पकडण्याच्या अगदी पहिल्या घटनांपैकी ही एक. पुढच्याच वर्षी क्रॉल यांच्या गटाने हवाईतल्या मौना केआवरच्या ३.६ मीटर सीएफएचटी दुर्बिणीवर विरकॅम हा कॅमेरा वापरून तोच ग्रह पाहिला आणि घट मिळाली ०.१३३ टक्के, त्रुटी साधारण ०.०१८. जवळपास निम्मी.

निम्म्याने काय फरक पडतो? ग्रह आणि तारा दोघांना आदर्श कृष्णवस्तू धरा, आकारांचं गुणोत्तर अधिक्रमणावरून घ्या आणि प्लांकचं सूत्र लावा. ०.२४१ टक्क्यांना तापमान येतं २०४० केल्विनच्या आसपास, ०.१३३ ला साधारण १७०० च्या थोडं वर. पहिला आकडा खरा असेल तर दिवसाची बाजू आपली उष्णता धरून बसली आहे, रात्रीच्या बाजूला फारशी पोचवत नाही. दुसरा खरा असेल तर तिथले वारे उष्णता सगळ्या ग्रहभर व्यवस्थित वाटताहेत. म्हणजे चित्रं अगदी वेगळी. वातावरणाचं मॉडेल बनवणाऱ्याने कोणता आकडा घ्यायचा?

इथे २०१० च्या पेपरबद्दल एक तक्रार नोंदवतो. त्यात लिहिलंय की आमचा निष्कर्ष आधीच्या मापनाच्या ठळक विरोधात आहे. बरं, करूया गणित. दोन आकड्यांमधला फरक ०.१०८. दोन्ही त्रुटींचे वर्ग मिळवून मूळ काढलं तर साधारण ०.०४७. भागाकार: २.३ सिग्मा. दोन्ही गटांचे एरर बार प्रामाणिक असतील, तर एवढी तफावत निव्वळ योगायोगानेही शंभरात साधारण दोनदा येईल. हा विरोध म्हणायचा तर म्हणा, पण ‘ठळक’ हे विशेषण आकड्यांतून आलेलं नाही. ते एका न लिहिलेल्या शंकेतून आलंय, की समोरच्याचा एरर बार जितका छापलाय तितका नसावा. ती शंका रास्त असेलही. पण मग ती सरळ लिहावी.

आणि याच आकड्यांवरून एक गोष्ट शिकून ठेवा, इंटरव्ह्यूत हमखास उपयोगी पडते. पहिलं मापन सुमारे ६ सिग्माचं होतं, दुसरं ८ सिग्माचं. दोन्ही भक्कम वाटतात, आणि तरी दोन्ही एकदम बरोबर असणं अवघड आहे. कारण ६ सिग्मा म्हणजे ‘घट शून्य नाही’ एवढंच. घट किती, हा प्रश्न वेगळा. आपल्याकडे बीएस्सीपासून सिग्मा शिकवतात ते गाऊसच्या घंटेसारख्या वक्राच्या भरवशावर, जणू प्रत्येक बिंदूची चूक शेजारच्या बिंदूपासून स्वतंत्र आहे. दुर्बिणीवर तसं नसतं. ढगाचा पातळ पापुद्रा आला की पुढची वीस मिनिटं सगळे बिंदू एकाच दिशेला कलतात. पिधान साधारण एक ते तीन तासांचं. नेमका तेवढ्याच वेळात वर-खाली होणारा नॉइज हा इथला खरा शत्रू.

२०१५ चा पेपर या शत्रूला समोरासमोर भिडतो, आणि म्हणूनच तो मला मोलाचा वाटतो. बहुतेक निरीक्षण-पेपरांत डेटा साफ कसा केला हे एका परिच्छेदात उरकलेलं असतं. इथे तो पेपरचा कणाच आहे. विरकॅममध्ये २०४८ गुणिले २०४८ पिक्सेलचे चार डिटेक्टर आहेत आणि चौकट सुमारे २० आर्कमिनिटांची, म्हणजे पूर्ण चंद्राच्या व्यासाच्या दोन-तृतीयांश. एवढ्या चौकटीत संदर्भ तारे मुबलक मिळतात. दुर्बीण रात्रभर हलवायची नाही, तारा त्याच पिक्सेलांवर ठेवायचा. फोकस मुद्दाम बिघडवायचा म्हणजे उजेड पुष्कळ पिक्सेलांवर पसरतो, कुठलाही एक पिक्सेल संपृक्त होत नाही आणि पिक्सेलांच्या संवेदनशीलतेतला फरक सरासरीत विरतो. (अशा ताऱ्याचा फोटो हुबेहूब मेदूवड्यासारखा दिसतो, मधे भोक आणि भोवती कडं. सुंदर फोटोंच्या आशेने या क्षेत्रात येणाऱ्यांनी मनाची तयारी ठेवावी.)

मग खरा मुद्दा येतो. वड्याभोवती किती त्रिज्येचं वर्तुळ काढून उजेड मोजायचा? आणि डझनावारी संदर्भ ताऱ्यांपैकी कोणते घ्यायचे? क्रॉल यांनी दाखवलंय की या दोन निवडी बदलल्या की पिधानाची खोलीही बदलते. आजवर लोक एक त्रिज्या निवडायचे, काही तारे निवडायचे, उत्तर छापायचे. निवड करताना कुणी लबाडी करत नव्हतं. पण अनेक वाटांपैकी एक वाट धरली आणि बाकीच्या वाटांवरची उत्तरं एरर बारमध्ये आलीच नाहीत, तर एरर बार अपुरा राहतो.

त्यांचा उपाय असा. प्रत्येक जोडीसाठी, म्हणजे इतकी त्रिज्या आणि इतके तारे, फिट करायचं आणि उरलेला नॉइज दोन प्रकारे तपासायचा. एक, बिंदूंचं विखुरणं, म्हणजे आरएमएस. दोन, बीटा नावाचा गुणांक. बिंदूंचे गट करून सरासरी काढली तर स्वतंत्र नॉइज गटातल्या बिंदूंच्या संख्येच्या वर्गमुळाने उतरायला हवा. तो त्याहून सावकाश उतरत असेल तर बिंदू एकमेकांशी संगनमत करताहेत. किती सावकाश, ते बीटा सांगतो. आरएमएस गुणिले बीटाचा वर्ग जिथे सगळ्यात कमी, ती जोडी उत्तम. आणि पुढची पायरी महत्त्वाची: फक्त उत्तम जोडी घेऊन थांबायचं नाही, जवळपास तितक्याच चांगल्या सगळ्या जोड्यांची उत्तरं एकत्र करून अंतिम खोली आणि अंतिम त्रुटी काढायची. एरर बार फुगतो. फुगू दे.

‘जवळपास तितक्याच चांगल्या’ची रेघ कुठे मारायची, आणि आरएमएसला बीटाचा एकच वर्ग का, घन का नाही, याला सिद्धांतातून येणारं उत्तर नाही. तो अनुभवाचा निर्णय आहे. मला तो खटकत नाही, कारण तो उघड मांडलाय. तुम्हाला पटला नाही तर तुम्ही दुसरी रेघ मारून बघू शकता.

आता माझा आक्षेप. या सगळ्या खटाटोपानंतर आपली पद्धत विश्वासार्ह आहे याचा सर्वात मोठा पुरावा म्हणून पेपर पुनरावृत्ती पुढे करतो. वास्प-३ बी आणि वास्प-१२ बी या ग्रहांची के-शॉर्टमधली पिधानं वेगवेगळ्या रात्री मोजली आणि खोली जुळली. यावरून दोन निष्कर्ष: जमिनीवरच्या अवरक्त मापनातल्या पद्धतशीर त्रुटींवर कडक मर्यादा घालता येते, आणि या दोन ग्रहांच्या खोल वातावरणात त्या त्या वेळी प्रचंड उलथापालथ होत नव्हती. दुसऱ्या निष्कर्षात ‘त्या त्या वेळी’ हे शब्द लेखकांनी स्वतः घातलेत, त्याबद्दल त्यांना पूर्ण गुण. पहिला मात्र पचत नाही.

रात्र बदलली, पण कॅमेरा तोच, दुर्बीण तीच, फोकस बिघडवण्याची रीत तीच, सॉफ्टवेअर तेच आणि माणसंही बहुतेक तीच. अशा पुनरावृत्तीने रात्रीगणिक बदलणाऱ्या त्रुटी पकडता येतात. हवा, वाफ, ढग, ताऱ्याचं डिटेक्टरवर थोडं इकडेतिकडे सरकणं, हे सगळं त्यात आलं आणि ते काही कमी नाही. पण जी त्रुटी दर रात्री सारखीच येते, ती दर रात्री सारखंच चुकीचं उत्तर देईल. काटा रोज दोन किलो जास्त दाखवत असेल तर पोतं रोज १५ किलोच भरेल, आणि दुकानदार म्हणेल, बघा, माझा काटा किती पक्का.

हा नुसता तर्कटपणा नाही. याच पेपरातल्या वास्प-१२ बी वर तो घडून गेलाय.

२०११ साली क्रॉल यांच्या गटाने या ग्रहाचं पिधान जे, एच आणि के-शॉर्ट अशा तिन्ही पट्ट्यांत मोजलं. के-शॉर्टमध्ये घट ०.३०९ टक्के आणि त्रुटी जेमतेम ०.०१३, म्हणजे २४ सिग्मा. जमिनीवरच्या कॅमेऱ्यासाठी हा आकडा डोळे विस्फारायला लावणारा होता. याच तीन आकड्यांना स्पिट्झरचे चार आकडे जोडून निक्कू मधुसूदन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्येच नेचरमध्ये लिहिलं की या ग्रहावर कार्बनचं प्रमाण ऑक्सिजनइतकं किंवा त्याहून जास्त आहे. सूर्यात कार्बन ऑक्सिजनच्या साधारण निम्मा आहे. त्यामुळे ही मोठी बातमी झाली, ‘कार्बनचा ग्रह’ वगैरे मथळे आले.

मग लक्षात आलं की वास्प-१२ च्या शेजारी, सुमारे एका आर्कसेकंदावर, आणखी एक अंधूक तारा आहे. एक आर्कसेकंद म्हणजे आपल्या मेदूवड्याच्या पोटातच. मोजणीच्या वर्तुळात त्याचा उजेड पहिल्यापासून मिसळलेला होता. हा साथीदार थंड आणि लाल आहे (पुढे केक दुर्बिणीवरच्या एनआयआरसी-२ या अवरक्त कॅमेऱ्याने दाखवलं की तो एक नव्हेच, दोन लाल बटू आहेत). परका उजेड मिसळला की घट आहे त्यापेक्षा उथळ दिसते. आणि साथीदार लाल असल्याने ही भेसळ सगळ्या पट्ट्यांत सारखी नसते, लांब तरंगलांबीकडे ती वाढत जाते. म्हणजे नुसते आकडे चुकतात असं नाही, वर्णपटाचा आकारच वाकतो. आणि कार्बनचा निष्कर्ष तर आकारावरच उभा होता.

२०१२ मध्ये इयन क्रॉसफील्ड आणि सहकाऱ्यांनी सुबारू दुर्बिणीवरचं एक नवं मापन जोडून आणि ही भेसळ वजा करून सगळे आकडे पुन्हा मांडले. सुधारलेली पिधानं साध्या कृष्णवस्तूच्या वक्रावर बऱ्यापैकी बसली, कार्बनच्या अतिरेकाची गरज उरली नाही. २०१५ मध्ये लॉरा क्राइडबर्ग यांच्या गटाला हबलच्या अधिक्रमण-निरीक्षणांत तिथे पाण्याची वाफ सापडली, आणि कार्बनबहुल वातावरणाची शक्यता आणखी मागे पडली.

आता २४ सिग्माकडे परत बघा. समजा वर्तुळातला परका उजेड ताऱ्याच्या उजेडाच्या फक्त ५ टक्के आहे (हा आकडा मी उदाहरणासाठी घेतलाय). तर ०.३०९ ची खरी घट ०.३२४ होईल. फरक ०.०१५. छापलेली त्रुटी ०.०१३. म्हणजे एवढ्याशा भेसळीनेही उत्तर स्वतःच्या एरर बारबाहेर जातं. आणि सगळ्यात महत्त्वाचं: शेजारचा तारा कुठे जात नाही. तो दर रात्री तिथेच. तुम्ही पिधान दोनदा मोजा, दहादा मोजा, खोली छान जुळत राहील. पुनरावृत्तीच्या कसोटीला तो कधीच सापडणार नाही. तो सापडला दुसऱ्या दुर्बिणीवर, दुसऱ्या तंत्राने काढलेल्या तीक्ष्ण प्रतिमेत.

म्हणून पद्धतशीर त्रुटींवर मर्यादा घातली, हे विधान मला असं वाचायचं असतं: रात्रीगणिक बदलणाऱ्या त्रुटींवर मर्यादा घातली. दोन-तीन शब्दांचा फरक आहे, पण दावा केवढा लहान होतो बघा. आणि लहान झाल्यावर तो मला पूर्ण मान्य आहे. उलट, ट्रेस-३ बी च्या भांडणात जे घडलं ते या दृष्टीने जास्त शिकवणारं होतं. दोन गट, दोन कॅमेरे, दोन पद्धती, आणि उत्तरं जुळली नाहीत. न जुळल्यामुळेच तर हा त्रुटींचा लांबलचक अभ्यास करायची निकड भासली असणार, असा माझा आपला अंदाज.

आता विचाराल, जेम्स वेब असताना हे सगळं कशाला वाचायचं? जेम्स वेबवर वेळ मिळणं किती कठीण आहे हे सोडून द्या. आपल्याकडे नैनितालजवळ देवस्थळला ३.६ मीटरची दुर्बीण आहे आणि तिच्यासाठी मुंबईच्या टीआयएफआरने बनवलेला टिरकॅम-२ हा अवरक्त कॅमेरा आहे. आरसा सीएफएचटीएवढाच. हे वाचून ‘मग आपणही तप्त गुरूंची पिधानं मोजू’ असं म्हणणारे उत्साही जन मला भेटलेत. पण आरशाचा व्यास हा इथे शेवटचा प्रश्न आहे. मौना केआची उंची सुमारे ४२०० मीटर, देवस्थळची २४५० च्या आसपास. डोक्यावरची वाफ त्या मानाने जास्त. आणि टिरकॅम-२ ची चौकट सुमारे ८६ आर्कसेकंदांची. विरकॅमची चौकट क्षेत्रफळाने तिच्या जवळजवळ दोनशेपट. म्हणजे जिथे क्रॉल डझनावारी संदर्भ ताऱ्यांमधून निवड करत होते, तिथे आपल्या हाती बहुतेक वेळा एक असेल, किंवा एकही नसेल. एकच संदर्भ तारा असेल तर जोड्या बदलून बघायची सोयच गेली, त्याच्यात गडबड असली तरी कळणार नाही. हा कॅमेरा अशा कामासाठी बनवलेलाही नाही, तेव्हा दोष त्याचा नाही.

तरी कुणाला प्रयत्न करायचाच असेल तर ग्रह निवडण्याआधी शेजारी निवडा. ज्यांच्या पिधानाची घट ०.२ टक्क्यांच्या वर असणं अपेक्षित आहे असे तप्त गुरू घ्या, आणि त्यांपैकी कोणाच्या तारकेभोवती ८६ आर्कसेकंदांच्या चौकटीत जवळपास तेवढाच तेजस्वी, तशाच रंगाचा दुसरा तारा आहे ते शोधा. गाया आणि टू-मास या याद्या सगळ्यांना खुल्या आहेत, एका दुपारचं काम आहे. त्याच बसणीत प्रत्येक तारकेच्या दोन आर्कसेकंदांच्या आत कुणी अंधूक शेजारी नोंदलेला आहे का, तेही बघून ठेवा.